मुरार ते बेहट, पावणेदोन इंच खालून

आमच्या घरी वाईट बातमी पंधरा दिवस शिळी होऊन येते. मी इकडे बर्मिंगहॅमला, दादा बंगळूरला आणि आई-बाबा मुरारला. मुलं लांब आहेत, उगाच काळजी करतील, म्हणून आधी प्लास्टर निघतं आणि मग हाड मोडल्याचं कळतं. आपल्या मंडळात हा अनुभव बहुतेकांना असेल. म्हणून डिसेंबरात आई फोनवर अगदी सहज म्हणाली, "बाबांची गाडी पडली होती, आता ठीक आहे," तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "कधी?"

"झाले पंधरा दिवस."

गाडी बारादरी चौराह्याजवळ पडली होती. वळवून घेण्यासाठी बाबा कडेला थांबले, उजवा पाय टेकवायला गेले, तर तिथे नेमका खड्डा. पाय खाली गेला तो जमिनीपर्यंत पोहोचलाच नाही. 200 किलोच्या घरातली गाडी एकदा कलली की अडुसष्ट वर्षांचा माणूस सोडाच, पंचविशीतला पोरगाही ती धरून ठेवू शकत नाही. ब्रेकचा लिव्हर वाकला, इंडिकेटर फुटला, बाबांचा गुडघा सुजला. चार मुलांनी धावत येऊन गाडी उभी करून दिली. त्यातला एक म्हणाला, "अंकलजी, ये उमर है बुलेट चलाने की?" गुडघ्यापेक्षा तेच जास्त लागलं, असं आईचं म्हणणं. ती बुलेट नव्हती, हिमालयन होती, हेही थोडं लागलं असणार.

दादानं त्याच आठवड्यात गिऱ्हाईक शोधलं. जानेवारीत मी तीन आठवड्यांसाठी जाणारच होते. "तू समोर बसून पटव," असं काम माझ्या वाट्याला आलं.

मुरार म्हणजे नक्की कुठे, हे इकडे मला नेहमी सांगावं लागतं. ग्वाल्हेर म्हणजे खरं तर तीन गावं. किल्ल्याच्या पायथ्याशी जुनं ग्वाल्हेर. दक्षिणेला लष्कर. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी तिथे तळ ठोकला, पुढे तंबूंच्या जागी वाडे आले, तरी नाव लष्करच राहिलं. आणि पूर्वेला मुरार, त्याच नावाच्या नदीकाठची इंग्रजांची छावणी. जून 1858 मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेनं आधी मुरार घेतलं आणि त्यानंतर लगेचच कोटा की सरायच्या लढाईत राणी लक्ष्मीबाई पडल्या. त्यांची समाधी फूलबागेत आहे. 1886 साली इंग्रजांनी किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत दिलं आणि बदल्यात झाशी घेतली. आमचे मराठी नातलग जवळजवळ सगळे लष्करात, जीवाजीगंज, दौलतगंज, शिंदे की छावनी अशा भागांत. त्यांच्या लेखी आम्ही "लांब" राहायला गेलेले. अंतर सात-आठ किलोमीटर, पण लग्नकार्यात अजून कोणीतरी विचारतंच, "मुरारवाले आले का?"

आणि आमची मराठी. मंडळाच्या पहिल्या गणपतीत मी कोणालातरी "काय करून राहिलात?" असं विचारलं आणि पुण्याच्या एक काकू माझ्याकडे नुसत्या बघतच राहिल्या होत्या. मुरारला ट्रेनमधून उतरल्यावर पाच मिनिटांत जीभ आपोआप तशी वळते. धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा आली होती, स्टेशनवर बाबा मफलर गुंडाळून उभे होते, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "उशीर करून राहिली ना ही गाडी रोज." दुसरं वाक्य रिक्षात बसल्यावर: "तू विकायला सांगायला आली आहेस, माहीत आहे मला. चहा पिऊन सांग."

बाबा सिथौलीच्या रेल स्प्रिंग कारखान्यात होते. रेल्वेच्या डब्यांखाली ज्या मोठ्या गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, त्या तिथे बनतात. बाबांचं काम तपासणीचं. मुरारहून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तेही आयुष्यभर स्कूटरवरून. 2018 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी ही उंच बाइक घेतली. ओरछा, दतिया, नरवर, मितावलीचं चौसष्ट योगिनींचं देऊळ, असं जवळपासचं सगळं त्यांनी पालथं घातलं. कधी मित्रांबरोबर, बरेचदा आईला मागे बसवून. कौटुंबिक ग्रुपवर दर रविवारी गाडीचा फोटो यायचा, मागे एखादा पडका दरवाजा आणि बाजूला आई, हेल्मेटमुळे केस चपटे झालेली. ते फोटो कधी थांबले हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

चहा झाल्यावर मी सांगायला सुरुवात केली. वय, गुडघा, मुरारचे रस्ते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चालवताना पडलो असतो ना, तर मीच विकली असती. मी थांबताना पडलो. चालवणं आणि थांबणं यांत फरक आहे. चालवण्यात दोष असेल तर तो माझा. थांबण्यात दोष आहे तो उंचीचा. उंची कमी करता येते."

मला उत्तर सुचेना. मी हिशेबनीस, स्प्रिंगा त्यांच्या. शेवटी असा करार झाला: माझ्या रजेत गाडी खाली आणायची. दोन्ही टाचा टेकल्या, आणि मैदानात मी सांगेन तितक्या वेळा सांगेन तिथे थांबून दाखवलं, तर गाडी राहील. नाही तर दादाचं गिऱ्हाईक. आई हे सगळं मटार सोलत ऐकत होती. तिनं कोणाचीच बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, धुकं जरा विरल्यावर, गाडी अंगणात डबल स्टँडवर चढली. स्टँडवर चढवलेली गाडी मागून हवेत असते, म्हणजे शॉकअप पूर्ण सुटलेला. बाबांनी मागच्या चाकाच्या मध्यापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लावली आणि आकडा वहीत लिहिला. मग गाडी खाली घेतली, ते वर बसले, मी एका बाजूनं धरलं, आणि आईनं चष्मा लावून टेप वाचली. फरक 38 मिमी. मागच्या चाकाची एकूण हालचाल 180 मिमी आहे. स्वार बसल्यावर तिच्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जरा कमी भाग खाली जावा असा ठोकताळा आहे, म्हणजे पन्नास-पंचावन्न मिमी. "बघ," बाबा म्हणाले, "स्प्रिंग माझ्या वजनाला आधीच जास्त आवळलेली आहे. आई मागे बसायची, सामान असायचं, तेव्हाची आहे ही. मी सैल करायचं विसरलो." जरा थांबून म्हणाले, "विसरलो म्हणजे, केलं नाही."

शॉकअपवर एक रिंग असते, ती आकडीच्या पान्यानं फिरवायची. मला वाटायचं रिंग सैल केली की स्प्रिंग मऊ होते. तसं नाही. स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या तारेच्या जाडीत, वेढ्यांच्या संख्येत आणि व्यासात असतो, आणि तो रिंगेनं बदलत नाही. रिंग फक्त ठरवते की भार येण्याआधीच स्प्रिंग किती दाबून ठेवायची. सैल केली की गाडी थोडी खाली बसते, पण तितकाच प्रवास वरच्या वर संपतो. मागे दुसरं माणूस बसलं की मग खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो. हे बाबांनी मला दोन कपबशा आणि एका स्टीलच्या डब्यानं समजावलं. तीस वर्षांच्या नोकरीत बाबा काय करत होते, ते मला त्या सकाळी पहिल्यांदा नीट कळलं.

रिंग सैल केल्यावर आकडा 52 झाला. 14 मिमीची कमाई. मी खूश झाले, तर बाबा म्हणाले, "सीट चौदानं नाही उतरली, नऊ-दहानं उतरली." कारण सीट मागच्या चाकाच्या बरोबर वर नसते, जरा पुढे असते. मागचा भाग जितका उतरेल त्याच्या साधारण दोन-तृतीयांश सीटला मिळतं. उरलेलं हवं असेल तर गाडी पुढूनही उतरवावी लागते.

तशी ती उतरवावी लागतेच. फक्त मागून खाली आणली तर पुढचा फोर्क जास्त तिरका होतो आणि हँडल वळायला आळशी होतं. म्हणून मागे जितकं करू त्याच्या निम्मं-पाऊण पुढेही. फोर्कचे दोन दांडे वर आणि खाली अशा दोन पकडींत धरलेले असतात. पकडींचे बोल्ट ढिले करून दांडे 15 मिमी वर सरकवले की गाडी पुढून तितकीच खाली. इंजिनाखाली जॅक, एका वेळी एकच दांडा, आणि दोन्ही बाजू मोजून सारख्या. हे काम दुपारी जेवायच्या आत झालं. झाल्यावर बाबांनी पुढच्या भागावर सगळा भार टाकून पाहिलं, चाक वरच्या मडगार्डला लागत नाही ना, ब्रेकचा पाइप ताणत नाही ना. हे पाहिल्याशिवाय कोणी गाडी रस्त्यावर काढू नये.

सीट मुरारच्या बाजारात एका गादीवाल्याकडे दिली. त्याला मी उंची कमी करायला सांगितली, बाबांनी रुंदी. सीटचा पुढचा भाग, जिथे मांड्या येतात, तो अरुंद केला की पाय सरळ खाली जातात, बाहेर फाकत नाहीत. "नुसती जाडी कापलीस तर पन्नास किलोमीटरवर पाट बसल्यासारखा वाटेल," असं म्हणाले. गादीवाल्यानं वरून 15 मिमी आणि बाजूंनी बोटभर फोम तासला. संध्याकाळी सीट परत.

खरी लढाई झाली ती मागच्या दुव्यांवरून.

या गाडीत मागचा एकच शॉकअप आहे आणि तो स्विंगआर्मला थेट जोडलेला नाही. मध्ये एक रॉकर आणि दोन छोटे दुवे आहेत. हाडकासारखा आकार, म्हणून त्यांना डॉगबोन म्हणतात. हे दुवे थोडे लांब केले की गाडी मागून खाली येते. दोन भोकांमधलं अंतर थोडंच वाढतं, पण रॉकरच्या पटीमुळे चाकाशी तो फरक मोठा होतो. मला वाटलं, दोन पट्ट्या आणि चार भोकं, त्यात काय? लोहिया बाजारातून लोखंडाची जाड पट्टी आणली, एका खरादवाल्याकडे जुना दुवा नमुन्याला नेला आणि बाबांना न सांगता दोन नवे करून आणले. चारशे रुपये. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

बाबांनी व्हर्नियर काढला. कोट घालताना खिसा चाचपावा तसा तो त्यांच्या हातात आपोआप येतो. दोन्ही दुवे मोजले, आणि काही न बोलता बाजूला ठेवले.

"काय झालं?"

"अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे दोघांत."

"अर्धा मिलिमीटर, बाबा! इथे रस्त्यावर अर्ध्या फुटाचे खड्डे आहेत."

मग आमचं जुंपलं. मी म्हणाले की तुम्हाला मुळात करायचंच नाहीये, रजा संपवायची आहे माझी. ते म्हणाले की तुला लवकर निकाल हवा आहे, कुठलाही. दोन्ही थोडंथोडं खरं होतं. आई आतून ओरडली, की शेजारचे ऐकतील. ते शांत झाल्यावर त्यांनी सांगितलं ते मी विसरणार नाही. डब्याच्या स्प्रिंगा कारखान्यात भाराखाली दाबून मोजतात आणि दाबलेल्या उंचीप्रमाणे त्यांचे ए, बी, सी असे गट पाडतात, रंगाचा पट्टा मारून. एका बोगीखाली एकाच गटाच्या स्प्रिंगा लागतात. प्रत्येक स्प्रिंग एकटी चांगलीच असते, दोष जोडीत असतो. एक दुवा लांब, एक आखूड, तर भार एकावरच येणार आणि रॉकर पिळला जाणार. शिवाय बाजारातल्या पट्टीचं पोलाद कुठलं, ते कोणालाच माहीत नाही. "हा तुटला तर गाडी खाली येते ती पावणेदोन इंच नाही, पूर्ण येते," ते म्हणाले.

ते चारशे रुपयांचे दुवे आता आईनं गॅलरीत वेल बांधायला वापरलेत.

याच गाडीसाठी तयार केलेली जोडी पुण्याहून मागवली, चाकाशी 25 मिमी खाली आणणारी. यायला सहा दिवस. तेवढ्यात दादानं बंगळूरहून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पाठवलं: नोंदणीतले कंपनीचे मूळ तपशील जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही. बाबांनी नोंदणीचं कार्ड काढून ओळन् ओळ वाचलं. इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, वजन, किती माणसं. सीटची उंची त्यात नव्हती. तरीही त्यांनी विमा कंपनीला पत्र लिहिलं आणि पोच घेतली. हे मी कायद्याचा सल्ला म्हणून सांगत नाही. इकडे कोणी असं काही करणार असेल तर इथल्या विमा कंपनीला आधी सांगावंच लागतं, नाही तर दावा अडकतो.

वाट बघण्याचे ते सहा दिवस चांगले गेले. मेळा लागलेला होता. माधवराव शिंद्यांनी 1905 साली सुरू केलेला ग्वाल्हेरचा मेळा आमच्या मुरारच्या बाजूलाच भरतो. तिथे आम्ही पापड खाल्ले, आईनं चादरी घेतल्या, आणि बाबा मोटारींच्या मंडपात जाऊन सगळ्या नव्या बाइकच्या सीटवर एकेकदा बसून आले. सगळ्या उंच. संक्रांतीला मुरैन्याची गजक आणि आईच्या गुळपोळ्या. गुडघ्याची सूज पूर्ण उतरली होती, पण मी पाहिलं, जिना उतरताना ते अजून आधी डावा पाय टाकत होते.

जोडी आली. बाबांनी व्हर्नियर लावला, मान हलवली.

हे काम करणाऱ्यांसाठी एक युक्ती. गाडी डबल स्टँडवर असली की मागचं चाक लटकतं आणि दुव्यांच्या बोल्टवर त्याचा भार राहतो. तसेच बोल्ट ठोकून काढू नयेत, आटे खराब होतात. चाकाखाली काहीतरी बरोबर जाडीचं सरकवायचं, चाक केसभर उचललं गेलं की बोल्ट हातानं निघतात. फळी पातळ पडली, वीट जाड. शेवटी आईच्या लग्नातला पाट बसला. "धुऊन द्या," एवढंच ती म्हणाली. जुने दुवे निघाले, नवे बसले. बेअरिंगमध्ये आठ वर्षांची धूळ होती, ती रॉकेलनं धुऊन ग्रीस भरलं. बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले आणि प्रत्येकावर आईच्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, बोल्टपासून धातूपर्यंत. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला असं समजायचं.

मग टेप पुन्हा. दुवे बदलले की स्प्रिंगेवरची पटही थोडी बदलते, गाडी जरा मऊ लागते, म्हणून रिंग किंचित आवळून घ्यावी लागली. साखळी पुन्हा जुळवली. दिवा समोरच्या भिंतीवर पाडून पाहिला, तर झोत वर गेला होता, कारण मागून आपण जास्त उतरलो होतो. तो खाली घेतला. साइड स्टँडचं मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे ती कलायच्या ऐवजी जवळजवळ सरळ उभी राहिली. जरा धक्का लागला असता तर उजवीकडे गेली असती, पुन्हा त्याच बाजूला. वेल्डिंगवाल्याकडून स्टँड 20 मिमी कापून सांधून आणला.

हिशेब असा: दुवे आणि पुढचे दांडे मिळून सीटला बावीस-एक मिमी, रिंगेचे आठ, फोमचे पंधरा. 45 मिमी, म्हणजे पावणेदोन इंच. यातलं काही फुकट नव्हतं. गाडीचं पोट जमिनीपासून 220 मिमीवर होतं, ते आता बरंच खाली आलं. वळणावर पूर्वीइतकी झुकणार नाही. डबल स्टँडवर चढवायला जास्त जोर लागतो, आणि तो बाबांनी एकट्यानं करायचा नाही, हे करारात नंतर घातलं.

कॉलनीमागच्या मैदानात मी शिट्टी घेऊन उभी राहिले. शिट्टी वाजली की थांबायचं. चढावर, उतारावर, वळताना, आणि मुद्दाम एका खळग्याजवळ. चाळीस वेळा तरी थांबवलं असेल. दोन्ही टाचा टेकत होत्या. खळग्यात उजवी टाच अधांतरी राहिली, पण चवडा पूर्ण टेकला आणि गाडी हलली नाही. एकदा मी उगाच वाजवली, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेला बसलेल्या माणसाचा चेहरा होता, आणि परीक्षा घेणारी मी. मग मला ती शिट्टी पुन्हा वाजववेना.

दोन दिवसांनी आम्ही बेहटला गेलो, बाबा पुढे, मी मागे. बेहट हे तानसेनाचं जन्मगाव मानतात. कबर हजिऱ्यात आहे, मुहम्मद घौसांच्या मकबऱ्याशेजारी, ती सगळे पाहतात. बेहटला डिसेंबरात तानसेन समारोहाची एक सभा होते, एरवी फारसं कोणी जात नाही. मुरारहून हस्तिनापूरवरून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. धुकं फिटल्यावर दोन्हीकडे मोहरी, डोळे दुखतील इतकी पिवळी. बाबा पन्नासच्या वर गेले नाहीत.

गाव आलं की स्पीड ब्रेकर, आणि ते प्रत्येक गावानं आपापल्या मनानं घातलेले. तिसऱ्यावर पोट घासलं. आवाज एवढा आला की मी किंचाळले. बाबांनी कडेला घेतलं, दोन्ही पाय टेकवून, शांतपणे. वाकून पाहिलं, खालच्या पत्र्यावर एक ओरखडा. "दोघांचं वजन आहे ना," म्हणाले. पान्यांच्या पिशवीतून आकडी काढली आणि रिंग आवळली. एक म्हातारबाबा खाटेवरून उठून बघायला आले. "पंचर?" "नहीं दादा, ऊँचाई ठीक कर रहे हैं." त्यांना ते पटलं नसावं. चहा मात्र त्यांनी पाजला.

बेहटला झिलमिल नदीच्या काठी महादेवाचं छोटं देऊळ आहे, आणि ते खरोखर कललेलं आहे. तानसेनाच्या आवाजानं कललं असं सांगतात. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं गाण्याचा विचार चालला असेल. लष्करच्या घरात वाढलेल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून ग्वाल्हेर घराण्याची गायकी असते. ते म्हणाले, "पाया एका बाजूनं बसला असणार." मग आपल्या गाडीकडे बघितलं, स्टँडवर नीट कलून उभी होती. बाहेरच्या पारावर आम्ही आईनं दिलेले मेथीचे पराठे खाल्ले. परतताना एकदाही घासली नाही.

दादाला मी त्या रात्री फोन केला. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "गिऱ्हाइकाला काय सांगू?" आणि शेवटी, "जास्त लांब नको जाऊ देऊस त्यांना." जणू ते माझ्या हातात होतं. अंधार पडल्यावर चालवायची नाही आणि हायवेला जायचं नाही, एवढं बाबांनी स्वतःच कबूल केलं. गुडघा पुढच्या वर्षी काय म्हणेल ते पुढच्या वर्षी.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान भरत होते, तेव्हा अंगणात दोघांचं काहीतरी चाललेलं ऐकू आलं. बाबा गाडीमागे उकिडवे बसले होते, हातात नेलपॉलिशच्या दोन बाटल्या. रिंगेवर एक पांढरा ठिपका लावून झाला होता, एकट्यानं चालवायचा. लाल ठिपक्यासाठी ते थांबले होते.

"तुझं वजन सांग," ते आईला म्हणाले. "खरं."

आईनं सांगितलं. त्याप्रमाणे रिंग फिरवली, तिला मागे बसवलं आणि टेप लावायला मला बोलावलं. आकडा जुळेना. रिंग आणखी दोनदा फिरवावी लागली.